एकदाच आलेला शब्द

सरांच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला पाण्याच्या आधी जिना दाखवला जायचा. "या. आग लागली तर दारातून बाहेर पडून डावीकडे. लिफ्टमध्ये शिरायचं नाही. उजवीकडचा जिना गच्चीवर जातो, तो विसरा," एवढं सांगून झालं की मग ते पाहुण्याला बसायला सांगायचे. पाहुणा लग्नाची पत्रिका घेऊन आलेला असो नाहीतर केबलवाला असो. त्यांच्या घरात चपलासुद्धा बाहेर तोंड करून ठेवाव्या लागत. पळायची वेळ आली तर पाय सरळ चपलेत गेला पाहिजे.

बोईसरच्या एमआयडीसीत कापडाचे रंग करणाऱ्या एका कंपनीत सर सेफ्टी ऑफिसर होते आणि मी डिस्पॅचला होते. राहायला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये, मी दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. मी मूळची सांगलीकडची. नवरा वीज प्रकल्पात लागला म्हणून इकडे आले. सर नगर जिल्ह्यातले. त्यांचे आजोबा गावोगावी फिरणारे पाळक होते, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. वडिलांनी फिटरचं काम धरलं आणि मुलाला केमिकल इंजिनिअर केलं. उंच, काटकुळे, शर्ट नेहमी खोचलेला, पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज. लग्नालासुद्धा तेच. किल्ल्यांच्या जुडग्याला एक शिट्टी. कंपनीत ते झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना एकाच सुरात 'साहेब' म्हणत आणि आम्हा बायकांना 'मॅडम'. मला ते शेवटपर्यंत मॅडमच म्हणाले.

सकाळी बाल्कनीत उभं राहून ते हवा हुंगत. "आज क्लोरीनवाल्यांचा गॅस धुणारा स्क्रबर नीट चालत नाही," असं सांगत, आणि ते बहुतेक वेळा खरं निघे. बाल्कनीच्या गजाला त्यांनी वाऱ्याची पिशवी बांधली होती, विमानतळावर असते तशी. ती काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, जुन्या केशरी परकराची होती. बिल्डिंगमधल्या बायका त्यावरून हसत. सर म्हणत, "हसा. पण गॅस सुटला तर कुठल्या बाजूला पळायचं हे तो परकरच सांगणार आहे." कुठलीही अडचण घेऊन त्यांच्याकडे गेलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: "आधी वारा कुठला ते बघा." नवराबायकोच्या भांडणालाही हेच, दहावीनंतर मुलीने काय घ्यावं यालाही हेच.

काकू सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला फटकळ. लग्नाआधी सर बघायला आले तेव्हा त्यांनी पोहे खायच्या आधी काकूंच्या वडिलांना स्वयंपाकघरातल्या स्टोव्हची पिन बदलायला लावली होती, हे काकू दर वेळी नव्याने सांगत. "मी तेव्हाच ओळखलं," त्या म्हणत, "की हा माणूस मला मरू देणार नाही. जगू देईल की नाही ते सांगता येत नव्हतं."

मग कंपनीने इथलं युनिट बंद करून सगळं गुजरातला न्यायचं ठरवलं. कँटीनच्या फळ्यावर सूचना लागली. ज्यांना यायचं त्यांनी यावं, बाकीच्यांचा हिशेब करून देऊ. मला तिकडे जागा मिळत होती, पण नवऱ्याची नोकरी इथे, मुलगी नववीत. सरांना तर कंपनी हातापाया पडून बोलवत होती. त्यांनी नाही म्हटलं.

"आता काय करणार सर?" मी जिन्यात विचारलं.

"पाळक होणार," ते म्हणाले. ते ज्या आवाजात 'उद्या फायर ड्रिल आहे' म्हणायचे त्याच आवाजात.

काकूंना हे आदल्या दिवशी कळलं होतं. त्या दारातूनच म्हणाल्या, "जन्मभर लोकांचे जीव वाचवत बसले. आता आत्मे वाचवणार. त्यांनाही हेल्मेट घालतील."

बोईसरमध्ये त्यांची एक छोटी मंडळी होती. मंडळी म्हणजे एकत्र उपासना करणारी माणसं. बहुतेक सगळे कारखान्यांतले. कुणी नगर-जालन्याकडचे, काही केरळचे, काही ओडिशाचे. स्वतःचं चर्च नव्हतं. एका चारमजली इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती, तिथे दर रविवारी जमत. कायमचा पाळक नव्हता. पाळक व्हायचं तर सरांना घरबसल्या अभ्यासक्रम पुरा करायचा होता, आणि मग नगरहून मोठे पाळक येऊन त्यांचा उपदेश ऐकणार, मग ठरवणार.

त्यासाठी सरांनी एक सॉफ्टवेअर घेतलं. बायबलच्या अभ्यासाचं. दर महिन्याला वर्गणी भरायची आणि परदेशातल्या कुठल्यातरी कंपनीचं अख्खं ग्रंथालय आपल्या लॅपटॉपमध्ये उघडायचं. सरांना एका बोटाने टाइप करता यायचं आणि अपडेटची खिडकी आली की ते हात मागे घेऊन मला हाक मारायचे. मी तेव्हा घरीच होते. मुलगी शाळेतून येईपर्यंतची दुपार अंगावर यायची. त्यामुळे मी रोज दुपारी वर जाऊन बसू लागले.

बायबलशी माझा काही संबंध नव्हता. माझ्या देव्हाऱ्यात अंबाबाई आणि गणपती. पण ते सॉफ्टवेअर मला आवडून गेलं. पडद्यावर डावीकडे मराठी मजकूर, शेजारी इंग्रजी, त्याच्या शेजारी मूळ हिब्रू किंवा ग्रीक. कुठल्याही शब्दावर बाण नेला की तो शब्द बोलायला लागायचा. त्याचं मूळ काय, तो आणखी कुठे कुठे आलाय, तिथे त्याचा अर्थ कसा बदललाय. एकाच वाक्याची चार भाषांतरं शेजारी शेजारी ठेवली की माणसं कुठे अडखळली ते दिसायचं. मी आयुष्यात इन्व्हॉइस सोडून दुसरं काही लक्ष देऊन वाचलं नव्हतं. आता एका शब्दावर आमची दुपार जायची.

सर ते सगळं कारखान्याच्या डोळ्यांनी वाचत. जलप्रलयाच्या गोष्टीतल्या तारवाला एकच दार होतं, हे त्यांना फार लागलं होतं. "एवढे प्राणी, एवढं गवत, आणि इमर्जन्सी एक्झिट नाही," ते हळहळत. सॉफ्टवेअरकडून आपोआप येणाऱ्या ईमेलना ते उत्तरं लिहीत. 'तुम्हाला आमची सेवा कशी वाटते?' असं आलं की मला सविस्तर उत्तर सांगत आणि शेवटी 'आपला नम्र' घालायला लावत. तिकडे कुणी वाचत नाही, हे मी सांगून पाहिलं. "नसेल वाचत. पण विचारलंय ना," ते म्हणाले. एकदा मराठी मजकुरात एका शब्दावरची मात्रा गळलेली सापडली, तर त्यांनी अपघात होता होता टळल्याची रीतसर खबर द्यावी तशी ती कळवली. आणि काही आठवड्यांनी खरंच एका माणसाचं उत्तर आलं: दुरुस्त केलं आहे, धन्यवाद. सर दिवसभर खूष होते. काकूंनी त्या दिवशी शिरा केला.

त्यांचे सुरुवातीचे उपदेश मात्र कठीण होते. मी एकदा ऐकायला गेले होते. 'शांती' या शब्दाचं मूळ, त्याच्या मुळाचं मूळ, तो कुठल्या कुठल्या रूपात येतो. लोक माना डोलवत होते, पण त्या झोपेने. उपासना संपल्यावर मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ, वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले, सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, राग मानू नका. पोरं रात्रपाळी करून येतात. त्यांना ग्रीक नको. त्यांना सोमवारी कामावर जायला बळ पाहिजे."

"अर्थ कळल्याशिवाय बळ कसं येणार?" सरांनी मनापासून विचारलं.

"ते तुम्ही शोधा," गृहस्थ म्हणाले.

घरी येताना सर रिक्षात म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. मी लोकांना पाइपिंगचा नकाशा दाखवतोय. त्यांना पाणी पाहिजे."

माझंही तेव्हा बरं चाललं नव्हतं. पालघरला एका ऑफिसात मुलाखतीला गेले होते. समोरच्या पोराने माझा कागद बघितला, वय बघितलं, आणि 'कळवतो' म्हणाला. ते कसं म्हणाला त्यावरून मला कळलं. उन्हातून स्टेशनपर्यंत चालत आले, बोईसरला उतरले, आणि घरी न जाता सवयीने तिसऱ्या मजल्यावर गेले. सर लॅपटॉप उघडून वाटच बघत होते. खूप टाइप करायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

"मॅडम, जेवलात का?"

मी नाही म्हटलं आणि मला रडू आलं. सरांनी काही विचारलं नाही. काकूंना हाक मारली. काकूंनी भात, आमटी आणि तळलेला बोंबील पुढे ठेवला. समोर बसून खायला लावलं. मग आतल्या खोलीतला पंखा लावला आणि म्हणाल्या, "पड जरा. मुलगी आली की तिला मी वर घेते."

मी झोपले. कित्येक आठवडे मला नीट झोप नव्हती. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं, माझी मुलगी काकूंकडून इंजेक्शन कसं देतात ते ऐकत होती आणि सर बाल्कनीत उभे होते. मी ओशाळून काहीतरी बोलायला गेले.

"मी सकाळीच वाचलं," सर म्हणाले. "एक संदेष्टा असतो. मोठं काम करून दमलेला. रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, आता मला ने. तर देवदूत येतो. मला वाटलं आता त्याला समजावणार, श्रद्धा ठेव वगैरे. पण तो काही बोलतच नाही. भाकरी ठेवतो, पाणी ठेवतो. हा खातो, झोपतो. पुन्हा उठवून खायला देतो. एवढंच म्हणतो की पुढचा रस्ता लांब आहे. मी सगळी भाष्यं उघडून बघितली. तिथे उपदेश नाही. दमलेल्या माणसाला लेक्चर द्यायचं नसतं, मॅडम. हे तर आपल्या फर्स्ट एडच्या तक्त्यावरच आहे."

माझं पुढे काय होणार हे त्या दिवशीही ठरलं नव्हतं. पण मी घरी गेले ती ताठ मानेने.

नगरहून मोठे पाळक येण्याचा रविवार ठरला तशी सरांची तयारी वाढली. 'शांती' हाच विषय, पण आता उदाहरणं घालून. मी पानामागून पान टाइप करत होते. त्यात एका दुपारी वेगळंच काही शोधताना जुन्या करारातला एक नियम पडद्यावर आला. नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध, म्हणजे कुणी वरून पडून त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही, अशा अर्थाचा.

सर खुर्चीवरून उठले. "पुन्हा वाचा," म्हणाले. मी वाचलं. "काय म्हणतंय बघा! हजारो वर्षांपूर्वीचा सेफ्टीचा नियम आहे हा. आणि तो कुणासाठी? पडणाऱ्यासाठी नाही. घर बांधणाऱ्यासाठी." ते खोलीत फेऱ्या मारू लागले. "त्या कठड्याच्या शब्दावर जा. आणखी कुठे कुठे आलाय?"

मी बाण नेला. एरवी एका शब्दाला पडदाभर ठिकाणं निघायची. इथे एकच निघालं. अख्ख्या शास्त्रात तो हिब्रू शब्द एकदाच आला होता.

"एकदाच," सर म्हणाले. त्यांनी पडद्यावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. "एकदाच सांगितलंय. पुरे झालं पाहिजे."

"मग यावरच बोला की सर," मी म्हटलं.

"नाही, नाही. परीक्षेला असला विषय नको. मोठा विषय पाहिजे. हे आपलं छोटंसं, घरगुती." आणि आम्ही शांतीकडे वळलो.

त्या रविवारी लॅपटॉप सांभाळायला मी गेले होते. शेडमध्ये पताका लावल्या होत्या. खाली पुलावाचं पातेलं चढलं होतं. नगरचे मोठे पाळक पांढऱ्या कॉलरमध्ये पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी त्यांच्याबरोबर आलेले आणखी एक गृहस्थ. दुपारच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं. गाणी झाली, प्रार्थना झाली, लहान मुलं नेहमीप्रमाणे शेडच्या बाहेर गच्चीवर खेळायला गेली, आणि सर बोलायला उभे राहिले.

त्या गच्चीला तीन बाजूंनी कठडा होता. चौथ्या बाजूला मालकाला पुढे वाढवून खोली काढायची होती, म्हणून ती बाजू उघडीच होती. सगळ्यांना ते माहीत होतं. रोजच्या नजरेत बसलं होतं. सरांनीही मालकाला पूर्वी दोनदा सांगितलं होतं.

सरांनी पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं, आणि थांबले. ते आमच्या डोक्यांवरून दाराबाहेर बघत होते. मी वळून पाहिलं. एका क्रेन ऑपरेटरची पाच-सहा वर्षांची मुलगी उघड्या बाजूच्या अगदी टोकाला बसली होती. पाय खाली सोडलेले. हातात केक, आणि केकचे तुकडे ती खालच्या कोंबड्यांना टाकत होती.

सर ओरडले नाहीत. त्यांनी ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं, व्यासपीठावरून उतरले, त्या जड बुटांनी आवाज न करता बाहेर गेले, मुलीच्या मागे थोडं बाजूला बसले. "मलाही दे की केक," असं काहीतरी म्हणाले. तिने हात पुढे केला, तो त्यांनी धरला आणि तिला उचलून आत आणलं. तिच्या आईच्या मांडीवर दिलं. मग पुन्हा माइकपाशी गेले.

"मी आज उपदेश करू शकत नाही," ते म्हणाले. "मी शांतीवर बोलणार होतो. पण या आठवड्यात मला शास्त्रात एक नियम सापडला. घर बांधलंस तर गच्चीला कठडा बांध. तो शब्द शास्त्रात एकदाच येतो. मला तो लहान वाटला म्हणून मी बाजूला ठेवला, कारण आज मोठी माणसं ऐकायला येणार होती. या गच्चीवर आपण दर रविवारी देवाचं नाव घेतो आणि आपलीच मुलं त्या टोकाला खेळतात. मी सेफ्टी ऑफिसर होतो. मालकाला दोनदा सांगून मी थांबलो, ते चुकलं. आधी कठडा होऊ दे. मग मी बोलेन."

मग मागून एक जण उठला. ओडिशाचा, परांची बांधणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला होता. म्हणाला, "सर, पाइप और क्लॅम्प नीचे गोदाम में पड़ा है. ठेकेदार को मैं फोन करता हूँ."

इमारतीचा मालक खालीच राहायचा. गडबड ऐकून वर आला. तारापूरकडचा माणूस, लुंगी आणि बनियनवर. "काय झाला?" त्याने विचारलं. सरांनी सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, दोन वर्सं झाली पोरं इथं खेळतात, कोन पडला नाय. आमी बांधणारच हाय, दिवाळी झाली की."

"पडल्यावर मोजायला सुरुवात करायची का?" सर म्हणाले. रागाने नाही.

मालकाने त्या टोकाकडे पाहिलं, मग आईच्या मांडीवरच्या मुलीकडे. जरा वेळ मान खाजवली. "माझ्या मेव्हण्याच्या होडीचा दोर हाय घरात. पाइप येईपर्यंत तो बांधा. थांबा, आनतो."

पुढचं मी कधी विसरणार नाही. रविवारचे इस्त्रीचे शर्ट घातलेली ती माणसं, फिटर, जड माल उचलणारे रिगर, क्रेनवाले, एकदम आपापल्या जागी गेली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. आधी होडीचा जाड निळा दोर ताणला. मग जिन्यातून माणसांची साखळी करून पाइप वर आले. सर कडेला उभे राहून कमरेला पट्टा बांधल्याशिवाय कुणाला टोकाकडे जाऊ देत नव्हते. एकदा त्यांनी शिट्टीही वाजवली. बायका पुलाव राखत होत्या आणि मधूनच एखादी गाणं सुरू करायची. नगरचे मोठे पाळक काही वेळ खुर्चीवर बसून राहिले. मग उठले, बाह्या वर केल्या आणि एका पाइपचं टोक धरून उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्या कॉलरवर गंजाचा डाग पडला. "साहेब, पाय मागे," सर त्यांना म्हणाले, आणि ते मुकाट्याने मागे सरकले.

कठडा झाला तेव्हा पुलाव गार होत आला होता आणि गाडीची वेळ झाली होती. पाहुणे उभ्याउभ्याच जेवले. उपदेश राहिला तो राहिलाच. सरांनी स्टेशनवर त्यांना गाडीत बसवलं आणि घरी येऊन, ड्यूटीवरून परतलेल्या काकूंना सांगितलं, "परीक्षा बुडाली."

"बुडू दे," काकू म्हणाल्या. "हात धुवा आधी, गंज लागलाय." पण त्या दिवशी त्यांनी सरांना स्वतःच्या हाताने वाढलं, आणि वाढताना एकही टोमणा मारला नाही. हे मला सरांनीच सांगितलं, आश्चर्याने.

काही दिवसांनी नगरहून फोन आला. मोठे पाळक म्हणाले, नियमाप्रमाणे उपदेश ऐकल्याशिवाय काही करता येत नाही, पुन्हा येतो. ते पुन्हा आले तेव्हा सर कठड्यावरच बोलले. मूळ शब्द सांगितला, पण एकदाच. बाकी सगळं त्या दिवशी दोर कुणी आणला, पाइप कुणी चढवले, घर आपलं आहे म्हणजे काय, असं. संपलं तेव्हा लोक जागे होते. तो वीज प्रकल्पातला गृहस्थ रुमालाने चष्मा पुसत होता.

सरांना नेमणूक मिळाली ती वाणगावला. तिथली मंडळी आणखी लहान, निम्मी मिरचीच्या वाड्यांवर काम करणारी, पावसाळा संपला की काही कुटुंबं वीटभट्टीवर जाणारी. काकूंनी बदली मागून घेतली. सामान टेम्पोत चढलं तेव्हा बिल्डिंगमधल्या ज्या बायका परकरावरून हसायच्या त्या खाली येऊन उभ्या होत्या.

माझं काय झालं तेही सांगते. सरांच्या ओळखीच्या एका कारखान्यात कामगारांसाठी सूचनांचे फलक मराठीत करायचे होते. कुणीतरी मशीनमधून भाषांतर काढलं होतं, ते वाचून कामगारांची हसून पुरेवाट झाली होती. सरांनी ते कागद माझ्यापुढे टाकले. "तुम्ही इतके दिवस चार भाषांतरं शेजारी ठेवून भांडत होतात. यावर भांडा." मी भांडले. एकाचं काम बघून दुसऱ्याने बोलावलं. आता तारापूरपासून मनोरपर्यंतच्या बऱ्याच कारखान्यांच्या भिंतींवर माझी वाक्यं आहेत, मराठीत आणि हिंदीत. खाली नाव नसतं. पण ती वाचून माणूस थांबतो, हात मागे घेतो, हे मला ठाऊक आहे आणि मला ते पुरतं.

अधूनमधून मी वाणगावला जाते. सरांनी वर्गणी चालू ठेवली आहे. घरात नेटवर्क येत नाही म्हणून लॅपटॉप घेऊन स्टेशनच्या बाकावर जाऊन बसतात. स्टेशनातली माणसं त्यांना सलाम करतात, राम राम करतात, आणि अपडेट झालं का विचारतात.

मागच्या वेळी गेले तेव्हा एक नवा फलक छापायला द्यायच्या आधी त्यांना दाखवायला नेला होता. टाकीत उतरून सफाई करणाऱ्यांसाठीचा. काकू आत मासे साफ करत होत्या. सरांनी चष्मा लावला, कागद दोन्ही हातांत धरून उभे राहिले, आणि रविवारी वाचतात त्या खर्जातल्या आवाजात सावकाश वाचू लागले:

"टाकी रिकामी दिसली तरी आत श्वास घेण्यासारखी हवा असेलच असं नाही. एकटा उतरू नकोस. वर एक माणूस उभा ठेव. तुझा सोबती आत कोसळला, तर त्याच्यामागे उडी टाकू नकोस. आधी हाक मार."

आतून काकूंचा आवाज आला, "आमेन."

सरांनी कागदावरून माझ्याकडे पाहिलं. हा फलक आहे, शास्त्र नाही, हे आम्ही दोघांनीही काकूंना सांगितलं नाही.